कडवट चवीची पारख

इतिहासाच्या हाती सर्वांत उशिरा लागणारी, किंबहुना कधीच पुरती न लागणारी वस्तू म्हणजे चव. राजांच्या सनदा उरतात, व्यापाऱ्यांच्या वह्या उरतात, फुटक्या बाटल्यांच्या काचाही जमिनीखाली शतकानुशतके टिकतात. परंतु ज्या घोटाने एखाद्याच्या कपाळावर आठी उमटली किंवा चेहऱ्यावर समाधान पसरले, तो घोट त्या माणसाबरोबरच संपतो. म्हणून चवीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला चवीऐवजी चवीबद्दल दिलेले निवाडे तपासावे लागतात. निवाडा कोणी दिला, कोठे दिला आणि कोणत्या मापाने दिला, हे पाहू लागले की पदार्थापेक्षा चाखणाऱ्याचेच चरित्र अधिक उलगडते, असा आमचा अनुभव आहे.

अशा अभ्यासाला पेल एल ही बिअरची जात फार सोयीची आहे, कारण तिच्या एका प्रसिद्ध शाखेच्या नावातच आपल्या देशाचे नाव आहे. इंडिया पेल एल हे नाव आज अमेरिकेपासून जपानपर्यंत बाटल्यांवर छापलेले आढळते. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी बिअरचा थेंबही चाखला नसेल, आणि त्यांनी तो चाखावा अशी शिफारस करण्यासाठी हा लेख नाही. ज्या पेयाला आपल्या देशाचे नाव मिळाले, त्याची पारख दोनशे वर्षे कोण करीत आले आणि त्या पारखीत आपला वाटा किती, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

प्रथम पेयाची ओळख. सातूला मोड आणून तो भट्टीत वाळवला म्हणजे माल्ट होतो. त्याचा गरम पाण्यात उतरवलेला गोड रस हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळावयाचा, थंड झाल्यावर त्यात किण्व घालावयाचे, की काही दिवसांत बिअर तयार होते. पूर्वी माल्ट लाकडाच्या जाळावर वाळवीत, त्यामुळे तो करपट आणि काळपट होई. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दगडी कोळशापासून केलेला कोक भट्टीत वापरू लागले. जाळ स्वच्छ आणि आटोक्यात राहिला, माल्ट फिकट निघू लागला, आणि त्याची ती फिकी एल, म्हणजे पेल एल. हॉप्सचे काम दुहेरी. त्यांतील आम्ले उकळताना पालटतात आणि बिअरला कडवटपणा देतात. शिवाय बिअर आंबट करणाऱ्या जंतूंना तीच आम्ले वाढू देत नाहीत. कडवटपणा हा येथे केवळ स्वाद नसून राखणदारही आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढील सारी कथा तिच्यावर उभी आहे.

या पेयाच्या जन्माची एक लोकप्रिय गोष्ट सांगतात. हिंदुस्थानातील इंग्रजांना बिअर मिळेना, वाटेतच ती नासे. तेव्हा लंडनच्या जॉर्ज हॉजसनने बुद्धी लढवून भरपूर हॉप्सची एक नवीच बिअर शोधून काढली. गोष्ट सुटसुटीत आहे, पण खरी नाही. उष्ण देशांत पाठवावयाच्या बिअरमध्ये हॉप्स अधिक घालावेत, असा सल्ला इंग्लंडच्या मद्यकारांना १७६० च्या सुमारासच मिळत होता. अठराव्या शतकात हिंदुस्थानात पोर्टर नावाची काळी बिअरही सुखरूप पोचत असे. कंपनीचे साधे शिपाई मुख्यतः तीच पीत. पेल एल ही अधिकाऱ्यांच्या आणि मुलकी साहेबांच्या मेजावरची चीज होती. मार्टिन कॉर्नेल या बिअरच्या इतिहासकाराने जुनी वृत्तपत्रे आणि व्यापारी कागद चाळून ही दंतकथा निकालात काढली आहे.

मग हॉजसनचे यश कशात होते? त्याचा कारखाना बो येथे होता, आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे नांगरत ते ब्लॅकवॉल तेथून जवळच. त्या जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा खाजगी व्यापार करण्याची मुभा असे. हॉजसन त्यांना वर्ष-दीड वर्ष उधारीवर माल देई. जवळचे बंदर आणि लांबची उधारी, या दोन पायांवर त्याचा लौकिक उभा राहिला. शोध लागला असेल तर तो चवीचा नव्हे, बाजारपेठेचा.

चवीचा चमत्कार मात्र झाला, आणि तो कोणाच्या योजनेने नव्हे तर समुद्रावर झाला. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर महिन्यात केलेली कडक पेल एल तळघरात वर्ष-दोन वर्षे मुरवत ठेवण्याची चाल होती. तीच पिंपे जहाजात चढली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिने ती उष्म्यात आणि हेलकाव्यांत मुरत राहिली. लोणच्याची बरणी उन्हात ठेवणाऱ्या आपल्या घरांतील बायकांना या क्रियेचे रहस्य समजावून सांगावयास नको. ताज्या हॉप्सचा उग्रपणा ओसरे, गोडवा आटे आणि धार आलेला, कोरडा, स्वच्छ कडवटपणा मागे राही. या मुरण्यामागे एका दुसऱ्याच किण्वाचा हात असतो, हे १९०४ साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतील क्लाउसेन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्याने त्या किण्वाला ब्रेटानोमायसीस, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’, असे नाव दिले. बिअरमध्ये उरलेली शर्करा हे किण्व सावकाश खाते आणि जुन्या चामड्यासारखा एक वास मागे ठेवते. लंडनहून निघालेली बिअर आणि कलकत्त्याला उघडलेली बिअर या अशा रीतीने दोन निराळ्या वस्तू होत्या.

हे पेय चाखले जाण्यापूर्वी आणखी एका माणसाच्या हातातून जात असे. साहेबाच्या घरी पाणी आणि मद्ये थंड करण्यासाठी आबदार नावाचा एक नोकर असे. पाण्यात सोरा विरघळला की पाणी गार होते. त्या पाण्यात बाटली फिरवून तो ती नेमकी थंड करी. १८३३ च्या सप्टेंबरमध्ये ‘टस्कनी’ जहाजातून अमेरिकेचा नैसर्गिक बर्फ कलकत्त्याला उतरला आणि आबदाराची विद्या मागे पडू लागली. कोणत्या गारव्याला ही बिअर तोंड उघडते, हे त्याच्याइतके कोणाला कळत असेल? पण त्याचे मत कोणी लिहून ठेवले नाही.

ज्यांचे मत लिहिले गेले ते व्यापारी होते, आणि त्यांची गुणपत्रिका म्हणजे लिलाव. १८२१ च्या सुमारास हॉजसन घराण्याच्या नव्या मालकांनी उधारी बंद केली, भाव चढवले आणि हिंदुस्थानचा व्यापार स्वतःच्या मुठीत घेण्याचा प्रयत्न केला. कंपनीचे लोक दुखावले. इकडे ट्रेंट नदीकाठच्या बर्टन गावचे मद्यकार वेगळ्याच संकटात होते. त्यांची गडद, गोड एल रशियाला जाई. १८२२ साली रशियाने जबर जकात बसवली आणि ती पेठ बुडाली. कंपनीच्या संचालकांपैकी कॅम्बेल मार्चबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युएल ऑल्सॉपला हॉजसनची बिअर दाखवली आणि ‘अशी करून दाखव’ असे सुचवले. ऑल्सॉपच्या जॉब गुडहेड नावाच्या माल्टवाल्याने पहिला नमुना चहाच्या किटलीत शिजवला, असे सांगतात. १८५३ साली बुशनन याने बर्टनच्या बिअरवर लिहिलेल्या पुस्तकात ही हकीकत येते. ते पुस्तक बर्टनची कड घेणारे असल्यामुळे किटलीची गोष्ट आम्ही गोष्ट म्हणूनच सांगतो.

त्याच पुस्तकात कलकत्त्याहून ऑल्सॉपला आलेले एक पत्र आहे, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने ते सोन्याच्या मोलाचे आहे. पत्रलेखक ऑल्सॉपला पहिल्या मालात आलेल्या तोट्याबद्दल समजावतो की, या पेठेत जवळजवळ सारे काही नावावर चालते आणि हॉजसनचे नाव फार दिवस बिनतोड होते. तरीही, तो पुढे लिहितो, आपल्या डोळ्यांदेखत एका जाहीर लिलावात ऑल्सॉपच्या पिंपाला १३६ रुपये आले आणि त्याच दिवशी हॉजसनच्या पिंपाला केवळ ८०. पारखीच्या इतिहासातील सनातन झगडा या दोन आकड्यांत आहे. नाव एक सांगते, जीभ दुसरे सांगते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण ज्या समाजाने घडवली त्याला हा झगडा नवा नाही. येथे जिभेने नावावर मात केली. परंतु लवकरच ऑल्सॉप आणि बास ही स्वतःच नावे झाली आणि नावांचे राज्य पूर्ववत चालू राहिले.

बर्टनच्या विजयाचे कारण त्याच्या विहिरींत होते. तेथील पाण्यात जिप्सम विपुल आहे, आणि त्यातील सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा जिभेवर रेंगाळून जड न होता कोरडा आणि चटकन उमटणारा होतो. लंडनचे पाणी काळ्या पोर्टरला मानवे, फिकट एलला नव्हे. पुढे १८७८ साली व्हिन्सेंट या रसायनज्ञाने इतर ठिकाणच्या पाण्यात क्षार मिसळून ते बर्टनसारखे करण्याची रीत सांगितली. आज जगातील कोणताही मद्यकार घरबसल्या बर्टनचे पाणी बनवू शकतो. ‘इंडिया पेल एल’ या नावाचा कागदोपत्री प्रवासही असाच उलटसुलट आहे: हिंदुस्थानात तिला हॉजसनची किंवा बासची एल म्हणत, ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे शब्द १८२९ साली ऑस्ट्रेलियातील एका वृत्तपत्राच्या जाहिरातीत आणि १८३५ साली लिव्हरपूलमध्ये दिसतात. देशाचे नाव देशाबाहेरच्या गिऱ्हाईकासाठी होते.

१८५२ साली या कडवट चवीवर एक गंभीर किटाळ आले. पॅरिसमधील एका प्राध्यापकाच्या व्याख्यानाचा हवाला देऊन अशी बातमी पसरली की, इंग्रज मद्यकार बिअरला कडवटपणा आणण्यासाठी स्ट्रिक्नीन वापरतात. स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्याकडील काजऱ्याच्या बियांतील विष. लोक घाबरले. ऑल्सॉपने थॉमस ग्रॅहॅम आणि ऑगस्ट हॉफमन या दोन नामांकित रसायनशास्त्रज्ञांना पाचारण केले. त्यांनी अर्ध्या गॅलन द्रवात अर्धा ग्रेन स्ट्रिक्नीन मुद्दाम मिसळले, हाडांच्या कोळशाने ते शोषून घेतले, मद्यार्काने कोळशातून सोडवले आणि रसायनांनी त्याचा जांभळा रंग उमटवून दाखवला. इतके सूक्ष्म विषही पकडता येते हे सिद्ध झाल्यावर बर्टनची बिअर तपासली, आणि ती निर्दोष ठरली. जर्मनीच्या लीबिगने अनुकूल पत्र दिले आणि ऑल्सॉपने ते जाहिरातीत झळकवले. लिलावानंतर पारखीची गादी अशी प्रयोगशाळेकडे आली. कडू म्हणजे विषारी, ही माणसाची आदिम शंका आहे, आणि ती निराधारही नाही. निसर्गातील पुष्कळ विषे कडूच असतात. कडू रुचणे ही शिकून येणारी गोष्ट आहे. पाडव्याला कडुनिंबाचे पान चावून वर्षाचा आरंभ करणाऱ्या आणि मेथी-कारल्याची भाजी आवडीने खाणाऱ्या आपल्या लोकांना हे शिक्षण बालपणीच मिळते.

त्यानंतर पदके आणि चिन्हे आली. १८७६ साली बासचा लाल त्रिकोण ब्रिटनमधील पहिले नोंदलेले व्यापारचिन्ह ठरला. १८८२ च्या मानेच्या प्रसिद्ध चित्रात पॅरिसच्या मद्यगृहातील फळीवर तो त्रिकोण स्पष्ट दिसतो. दरम्यान खुद्द हिंदुस्थानच्या डोंगरांत बिअर होऊ लागली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एडवर्ड डायरने कसौलीला कारखाना काढला. पुढे चांगल्या झऱ्यांसाठी तो सोलनला गेला. जालियनवाला बागेत गोळ्या चालवणारा जनरल डायर या एडवर्डचाच मुलगा. खुद्द बर्टनहून आलेल्या मीकिनने त्या धंद्यात पाऊल टाकले, आणि १९४९ साली नरेंद्रनाथ मोहन यांनी ती कंपनी घेतली. १८६० साली स्थापन झालेल्या मरीच्या कारखान्याला १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात पदक मिळाले. हिमालयाच्या पाण्याची बिअर तोलणारे परीक्षक अमेरिकेत बसले होते.

येथे एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. साहेबाच्या बिअरसाठी लिलाव, रसायनशास्त्रज्ञ आणि पदके यांचा थाट चालू असताना या देशाच्या स्वतःच्या पेयांची पारख कोण करीत होते? उत्तर असे की, अबकारी खात्याचा शिपाई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे सरकारी देखरेखीखालील भट्ट्यांत केंद्रित झाले आणि ताडी काढावयाच्या झाडांवरील कर जाचक झाला; कोकणच्या किनाऱ्यावर माड आणि ताड पेलणाऱ्या भंडाऱ्यांच्या पोटावर तो घाव होता. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुले बाळगण्यावर आणि त्यांच्या व्यापारावर निर्बंध आले. ती फुले तर गोरगरीब आदिवासींचे अन्नही होती. नीरा पहाटे गोड असते, ऊन चढले की फसफसते आणि संध्याकाळपर्यंत आंबट होते. कोणत्या झाडाची, कोणत्या ऋतूची, किती घटकांची ताडी, हे सांगणाऱ्या जिभा किनाऱ्यावर गावोगाव असतील. पण ताडी सहा महिने जहाजात टिकत नाही. जी चव प्रवास करू शकते तिला बाजार मिळतो, बाजार मिळाला की निवाडे लिहिले जातात, आणि लिहिलेल्या निवाड्यांनाच पुढे इतिहास म्हणतात. जी चव आपल्या गावीच जन्मते आणि सायंकाळी मरते, तिची नोंद केवळ दंडाच्या वहीत होते.

सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला, बर्फ स्वस्त झाला, जर्मन पद्धतीची थंड लागर बिअर पसरली. पहिल्या महायुद्धातील निर्बंधांनी आणि करांनी इंग्लंडची बिअर सौम्य केली. बो येथील हॉजसनचा कारखाना १९३३ साली पाडला गेला. इंडिया पेल एल हे नाव उरले, पण त्याखाली पुष्कळदा एक सौम्य, कमी कडवट बिअर मिळू लागली. तिला नवा जन्म दिला तो अमेरिकेने. ऑरेगॉनमध्ये वाढवलेली कॅस्केड ही हॉपची जात १९७२ साली बाहेर आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कंपनीने १९७५ साली तिच्यापासून लिबर्टी एल केली, आणि १९८० साली कॅलिफोर्नियातील चिको गावी केन ग्रॉसमन यांनी सिएरा नेवाडा पेल एल केली. १९७८ च्या कायद्याने घरी बिअर करण्यास अमेरिकेत मुभा मिळाली आणि छोट्या कारखानदारांची एक पिढीच उभी राहिली. इंग्रजी हॉप्सचा वास मातकट, फुलांसारखा. कॅस्केडचा वास पपनसाच्या सालीचा आणि देवदाराच्या राळेचा. जुन्या नावाखाली ही चव अगदी नवी होती.

या चळवळीने पारखीचे एक नवे माप घडवले. १९८५ साली अमेरिकेत बिअरच्या परीक्षकांना शिक्षण आणि प्रमाणपत्र देणारी संस्था निघाली. तिच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या भरीवपणाला ५ आणि एकंदर ठशाला १०. परीक्षक प्रथम वास घेतो, कारण तो लवकर उडतो. मग पेला उजेडात धरून रंग आणि फेस पाहतो. पहिल्या घोटात माल्टचा गोडवा पुढे येतो, त्यामागून कडवटपणा चढतो, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी जे रेंगाळते त्यावरून तोल कळतो. लोण्याचा वास आला तर किण्वाचे काम अपुरे राहिले. भिजलेल्या पुठ्ठ्याचा आला तर बिअर हवेने शिळी झाली. कडवटपणालाही आकडा आहे: एका लिटरात हॉप्सची एक मिलिग्रॅम पालटलेली आम्ले म्हणजे एक एकक. अमेरिकन पेल एलमध्ये अशी ३० ते ५० एकके अपेक्षित असतात. तथापि गोडवा अधिक असेल तर ५० एककेही सौम्य वाटतात. आकडा प्रयोगशाळेचा, कडवटपणा जिभेचा.

ही पद्धत आम्हांस आदरणीय वाटते. परीक्षकापुढे पेला बिननावाचा येतो, आणि कलकत्त्याच्या पत्रलेखकाला सलणारी नावाची सत्ता तेथे निदान घटकाभर स्थगित होते. शिवाय ज्या पेयाचे नावच रंगावरून पडले, त्याच्या रूपाला ५० पैकी केवळ ३ गुण, यातही एक शहाणपण आहे. पण या पत्रिकेची मर्यादाही तितकीच उघड आहे. १८३० सालचे कलकत्त्याला मुरलेले एक पिंप कोणी आज अमेरिकन पेल एलच्या वर्गात मांडले, तर परीक्षकाला त्यातील जुन्या चामड्याच्या वासाबद्दल, विझलेल्या हॉप्सबद्दल आणि कदाचित पिंपाच्या लाकडाबद्दलही गुण कापावेच लागतील. ज्या गुणांसाठी १३६ रुपये मिळाले, त्यांतले काही आज दोष ठरतील. माप खोटे आहे असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक माप आपल्या काळाच्या जिभेवर बेतलेले असते, एवढाच याचा अर्थ.

आता पेला आपल्या दाराशी आला आहे. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ या नावाने छोट्या प्रमाणावर ताजी बिअर करण्याचा उपक्रम सुरू झाला. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सोल्जर तेथील छावणीत महिनोन्‌महिने कंटाळत आणि त्यांचे डोके फिरे. त्या अवस्थेला त्यांच्या बोलीत ‘डूलाली टॅप’ म्हणत, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचे नाव विलायतेला जाऊन वेडाचे नाव झाले आणि पुण्यात बिअर होऊन परतले. मध्य प्रदेशाच्या अबकारी धोरणाने २०२२ साली मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून मान्यता दिली, हीही याच काळातील घटना आहे. शिपायाच्या वहीतून मोह बाहेर पडला, हे बरे झाले.

परंतु त्याची पारख कोणत्या शब्दांत होणार? परमुलखात राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना चवीचे शब्द जपण्याची सवय आहे. घरापासून दूर आलो की भाषेतले पहिले आठवतात ते जेवणातलेच शब्द. उग्र, खमंग, तुरट, आंबूस, करपट, खवट, मुरलेला, कोवळा, निबर: इतका साठा असलेल्या भाषेला पपनसाची साल आणि भिजला पुठ्ठा यांच्यापुरते उसने घेण्याचे कारण नाही. पेल एलच्या इतिहासाने आम्हांस एवढे शिकवले की, चाखणारे पुष्कळ असतात, पण इतिहास लिहिणाऱ्याच्या जिभेचा होतो. आबदाराने लिहिले नाही, भंडाऱ्याने लिहिले नाही. म्हणून ज्या पेल्यावर आपले नाव आहे त्यातही आपला निवाडा नाही. यापुढे जो कोणी पुण्यात बिअरचा किंवा मध्य प्रदेशात मोहाचा पेला उजेडात धरील, त्याने दोन ओळी मराठीत लिहून ठेवाव्यात. बिअर आवडली नाही तरी हरकत नाही. नावडीचा निवाडाही नोंदला गेला पाहिजे.